पिवळ्या रेघेच्या दोन्ही बाजूंचं भात

पाऊस येईल म्हणून मी औंढ्याच्या एका मावशींचं बियाण्याचं भात त्यांच्या जावेच्या भातात मिसळून टाकलं. पाऊस आला नाही.

खरं तर एवढंच सांगायचं होतं. पण इथेच थांबलो तर तुम्ही विचाराल, घोरावाडीचा शहाणासुरता माणूस औंढ्यात जाऊन दुसऱ्याच्या भाताला हात लावेलच कशाला? बायकोनेही हेच विचारलं. तिने फक्त 'शहाणासुरता' हा शब्द वापरला नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

घोरावाडी

मी आंबीच्या एका कारखान्यात तपासनीस होतो. चांगला माल एका क्रेटमध्ये, खराब माल दुसऱ्यात, आणि हे दोन क्रेट एकमेकांच्या जवळ येऊ द्यायचे नाहीत, एवढंच माझं काम. सगळी नोकरी उभ्याने झाली. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी शाल, नारळ आणि एक आरामखुर्ची दिली. त्या खुर्चीत मी पहिल्या दिवशी बसलो, तो चहा संपेपर्यंत. त्यानंतर तिच्यावर इस्त्रीचे कपडे बसतात.

मला बसवतच नाही. फ्रिज उघडायचा, आत काय आहे ते बघायचं, बंद करायचा. गॅलरीत जाऊन स्टेशनात कुठली गाडी लागली ते बघायचं आणि स्वयंपाकघरात येऊन ती बातमी द्यायची. बायको एकदा पोळी लाटता लाटता म्हणाली, "तुमच्या कंपनीने तुम्हाला दिवसभर उभं का ठेवलं होतं, ते आता कळलं. बसवलं असतं तर कंपनी बंद पडली असती."

आणि मग ती नदी. इतकी वर्षं कंपनीच्या बसने इंद्रायणी ओलांडली. माझी खिडकी ठरलेली, सकाळी जाताना उजवी, संध्याकाळी येताना डावी. निवृत्त झाल्यावर एकदा डोक्यात आलं, म्हणजे आपण कायम नदीची एकच बाजू बघितली की! ती जिकडे जाते ती. ती येते कुठून, हे दुसऱ्या खिडकीतल्या लोकांना माहीत असणार, आणि ते तर झोपलेले असायचे.

त्यातच आमच्या सकाळच्या फिरणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर कुणीतरी लोणावळ्याचा व्हिडिओ टाकला. नदीच्या काठाने गुळगुळीत पक्का मार्ग, रेलिंग, बाकडी, मधोमध पिवळी रेघ. रेघेच्या एका बाजूने चालायचं, दुसऱ्या बाजूने सायकल. मी लगेच लिहून टाकलं, 'लोणावळ्यापासून आंबीच्या पुलापर्यंत नदीच्या सोबतीने जाणार. थोडं पायी, थोडं सायकलवर.' लिहून झाल्यावर विचार केला. माझा हा क्रम जुना आहे.

मुलाने त्याची गिअरची सायकल दिली, काळा गॉगल दिला आणि बुडाशी स्पंजची गादी शिवलेली एक घट्ट चड्डी दिली. "बाबा, ही घालाच. नाहीतर दुसऱ्या दिवशी उभ्याने जेवाल." मी घातली. आरशात पाठमोरा बघितलं नाही, तेवढं शहाणपण होतं. जवळचं दिसायची चाळीशी मात्र फ्रिजवर राहिली. राहू दे म्हटलं, नदी काही जवळ धरून वाचायची नव्हती.

लोणावळा

शेजाऱ्याच्या भाजीच्या टेम्पोतून सायकल वर नेली. दिवाळी नुकतीच झाली होती. हवेत गारवा, नदीवर धुक्याची पातळ साय. मार्गाच्या तोंडाशी मोठ्या रंगीत अक्षरांत गावाचं नाव उभं केलेलं, आणि त्यातल्या एका अक्षराच्या पोटात मुंबईचं एक कुटुंब बसून फोटो काढून घेत होतं.

आमच्याकडे घोरावाडीला फिरणं म्हणजे बोलणं. समोरून कोण आलं की थांबायचं, गुडघ्यांची चौकशी करायची, मग पुढे. इथे निराळीच तऱ्हा. कानात बोंडं घातलेली माणसं समोरून यायची, माझ्या 'नमस्कार'ला हनुवटीने उत्तर द्यायची आणि वेग न मोडता निघून जायची. एका आजोबांना मी गुडघ्यांचं विचारलं, तर ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "तुमच्यामुळे माझ्या नाडीचा वेग उतरला." मी माफी मागायला सायकलवरून त्यांच्या मागे रेघ ओलांडून गेलो, तर रखवालदाराने शिट्टी मारली.

"ओ काका! सायकल तिकडच्या साइडला!"

मी उतरलो, सायकल हातात धरून चालायला लागलो. पुन्हा शिट्टी.

"आता काय? चालतोय की!"

"चालताय, पण सायकल घेऊन चालताय. तुम्हाला नक्की कुठल्या साइडचं व्हायचंय ते ठरवा."

हा प्रश्न मलाही होताच. सायकलवर बसलं की वाटायचं उतरावं, पाण्यात बगळा उभा आहे तो नीट बघावा. उतरून चालायला लागलं की वाटायचं, एवढी महागाची सायकल म्हशीसारखी हाकत का नेतोय? एका बाकड्यावर टेकलो. मनगटावरचं घड्याळ थरथरलं आणि त्यावर एक छोटं माणूस नाचायला लागलं, म्हणजे 'उठा, हला'. हे घड्याळही मुलानेच दिलेलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला उठ म्हणतंय, याचाच आनंद होऊन मी उठलो.

टपरीवर गरम पोहे खाल्ले. इथल्या पोह्यांवर ओलं खोबरं घसघशीत घालतात. आमच्याकडे खोबरं फक्त आहे असं कळवतात. पोहेवाल्याला विचारलं, "हा मार्ग पुढे कुठवर जातो?"

"औंढ्याच्या अंगाला जातो. पण तिकडं जाऊन काय करणार? तिकडं पॉइंट नाही."

पॉइंट नाही म्हटल्यावर मला गेलंच पाहिजे होतं.

गाव मागे पडलं तसा मार्ग मोकळा झाला. रेलिंग संपलं, बाकडी संपली, पण पिवळी रेघ काही संपली नाही. दोन्हीकडे कापलेली भातखाचरं, त्यांत सुकत चाललेले सड, खाली खडकांतून बोलत जाणारी नदी. मी मजेत जोर मारत निघालो होतो, आणि एका वळणावर करकचून ब्रेक दाबावा लागला. सायकल थांबली. मी थोडा पुढे जाऊन थांबलो.

मार्गावर भात वाळत घातलं होतं.

भात म्हणजे टरफलासकट, मळलेलं. रेघेच्या अलीकडे, चालायच्या बाजूला एक पट्टा. रेघेच्या पलीकडे, सायकलच्या बाजूला दुसरा. दोन्ही पट्टे रेघेपाशी असे सरळ थांबलेले, की मध्ये एकही दाणा नव्हता. शेजारी एक निळी ताडपत्री घडी करून ठेवलेली आणि भात ओढायची लाकडी फळी, लांब दांड्याची. माणूस कुणी दिसेना. जेवायची वेळ झालेली.

गुडघा चोळत मी घाटाकडे पाहिलं. तिकडून एक ढग वर येत होता. काळाकुट्ट, रुंद आणि झपाझप. (गॉगलमधून येणारा प्रत्येक ढग काळाकुट्टच असतो, हे नंतरचं ज्ञान.) आमच्याकडे असा ढग चढला की दोरीवरचे कपडे काढायला वेळ मिळत नाही. मी दोनदा हाका मारल्या. उत्तर नाही. बिचाऱ्यांचं भात भिजणार, आणि आपण नुसते उभे?

मी फळी उचलली. चालायच्या बाजूचं भात ओढलं. सायकलच्या बाजूचं ओढलं. ताडपत्री एकच होती, म्हणून ढीगही एकच केला. त्या वेळी मला हा विचार अत्यंत तर्कशुद्ध वाटला. वरून सारखं करताना फळी दोनचारदा जोरात फिरवली, ताडपत्री घातली, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. घामाघूम झालो. मग ढिगासोबत स्वतःचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, 'वाटेत शेतकरी बांधवांना मदतीचा हात.' चौघांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

तोवर ढगाने दरीच्या कडेवरून डोकावून पाहिलं आणि तो परत कोकणात उतरला. लख्ख ऊन पडलं.

औंढे

शेताच्या बांधावरून हिरव्या नऊवारीतली एक उंच म्हातारी आली. तिच्या बरीच मागून, मुद्दाम अंतर ठेवल्यासारखी, दुसरी एक ठेंगणी बाई. उंच मावशी ताडपत्रीपाशी थांबल्या.

"भाऊ, ह्ये कुनी केलं?"

"मीच!" मी हात झटकत म्हणालो. "म्हटलं पाऊस येईल."

"कुटला पाऊस?"

मी आकाशाकडे पाहिलं. आकाश काही माझ्या मदतीला आलं नाही. मावशींनी एक दगड बाजूला केला, ताडपत्री उचलली, ढिगात कोपरापर्यंत हात घालून मूठभर भात बाहेर काढलं आणि तळहातावर पसरलं. मग त्या पिवळ्या रेघेवर खाली बसल्या.

"बियानं हुतं माजं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

मी गॉगल काढला. तेव्हा कुठे त्या तळहातावर दोन रंग दिसले. निम्मे दाणे पिवळे, निम्मे काळे.

या कौसामावशी. ते काळं होतं काळभात. टरफल काळं, आतला तांदूळ पांढरा आणि वासाचा. गावात आता त्यांच्याशिवाय ते कुणी लावत नाही. कुणाच्या घरी बाळंतीण असली की पेजेसाठी दुसऱ्या गावांतून माणसं त्यांच्याकडे मूठभर मागायला येतात. खायचं भात केव्हाच भरडून, तांदूळ होऊन पोत्यात गेलं होतं. मार्गावर पसरलेलं होतं ते पुढच्या पेरणीचं, मुद्दाम वेचक लोंब्यांचं.

"मी दुकानातून आणून देतो, मावशी. आजच्या आज."

"कुटल्या दुकानातून?"

ते दुकान नाही, हे त्यांना माहीत होतं आणि आता मलाही कळलं.

दुसऱ्या बाई दोन हात लांब उभ्या होत्या. त्या शेवंतामावशी, कौसामावशींची धाकटी जाऊ. पिवळं भात त्यांचं, इंद्रायणी वाणाचं. त्या माझ्याकडे बघूनच बोलल्या, "माजं काय जात न्हाई. गिरनीत गेलं की समदं पांढरंच. पर तिचं पेरलं, तर शेतात निम्मं माजंच उगवंल. तिला सांगा."

"तुम्हीच सांगा की, त्या इथेच आहेत."

"तुमी सांगा."

तेव्हा लक्षात आलं, या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. पूर्वी दोन्ही घरांचं एकच खळं होतं, तिथेच, जिथे माझी सायकल आडवी पडली होती. मार्ग झाला आणि खळं त्याच्या खाली गेलं. मग दोघींनी भात मार्गावर आणलं. रंगाऱ्याने पिवळी रेघ ओढली ती चालणारे आणि सायकलवाले वेगळे राहावेत म्हणून. ती सबंध मार्गावर मनापासून कुणी पाळत असेल तर या दोन जावा.

"का बोलत नाही?" मी नंतर दोघींना वेगवेगळं विचारलं. कौसामावशी म्हणाल्या, "तिला इचारा." शेवंतामावशी म्हणाल्या, "तिला इचारा." एवढ्या एका बाबतीत घरात एकमत होतं.

"मी निवडून देतो," मी बोलून बसलो. "काळं काळं वेगळं करतो. तपासनीस होतो मी. आयुष्यभर हेच केलं."

"बगा बरं," कौसामावशी म्हणाल्या.

निवडणं हे काम बसून करतात, हे मला पहिलं सूप मांडीवर आल्यावर आठवलं.

ढिगाच्या कडेचं काळं भात सुदैवाने जसंच्या तसं राहिलं होतं. कौसामावशींनी ते आधी हाताने अलगद बाजूला घेतलं. उरलेलं सुपात घेऊन असं झुलवलं, की काळ्या दाण्यांच्या टोकाला कुसळ असतं म्हणून ते एकमेकांत अडकून बरेचसे एका बाजूला गोळा झाले. मीही सूप झुलवलं. माझं भात नदीकडे गेलं.

"भाऊ, तुमी नुसतं येचा," त्या म्हणाल्या.

मार्गावर पडलेल्या जांभळाच्या सावलीत आम्ही बसलो. एका टोकाला थोरली, दुसऱ्या टोकाला धाकटी, मधे पिवळ्या रेघेवर मी. शेवंतामावशींना कुणी बोलावलं नव्हतं. त्या आपलं सूप घेऊन आल्या आणि बसल्या. काळा दाणा उचलायचा, उजवीकडे टाकायचा. काळा दाणा उचलायचा, उजवीकडे टाकायचा. थोड्याच वेळात माझ्या उजव्या पायाला मुंग्या आल्या, मग डाव्या पायाला, मग डोक्याला. मी मांडी बदलली, उकिडवा बसलो, एक पाय पसरला, पाणी प्यायला उठलो, सायकलची हवा बघायला उठलो, खरंच पाऊस येतो की काय ते बघायला उठलो.

"भाऊ, तिला सांगा, येवड्या येळात मानूस निम्मं सूप निवडतं," धाकट्या म्हणाल्या.

"भाऊ, तिला सांगा, त्यो पावना हाय," थोरल्या म्हणाल्या.

"तिला सांगा, पावन्यानंच इस्कोट केलाय."

"तिला सांगा, व्हय, ते खरं हाय."

मी दोन्हीकडे मान वळवून निरोप पोचवत होतो. दोघींमध्ये एवढंच अंतर होतं, की एकीने शिंक दिली असती तर दुसरीचं भात उडालं असतं. पण निरोप माझ्याच तोंडून जायला हवा.

तेवढ्यात मनगट थरथरलं.

"काय वाजतंय हातात?" कौसामावशींनी विचारलं.

"घड्याळ आहे. फार वेळ बसलो की म्हणतं, उठा आणि चाला."

"त्याला सांगा, बस म्हनावं. त्याच्या बापाला काम हाय."

मी पाण्याला म्हणून पुन्हा उठलो, तर मागून शेवंतामावशींचा आवाज, "भाऊ, लागलं-बिगलं हाय का? पाटीमागं येवडं काय बांदलंय?"

मी स्पंजच्या गादीचं प्रयोजन समजावून सांगितलं. पहिल्यांदाच दोघी एकदम हसल्या, दोन वेगवेगळ्या दिशांना तोंडं करून.

"बुडाला गादी हाय आन् तरी बसवत न्हाई," थोरल्या म्हणाल्या. हे त्यांनी कुणाला सांगायला सांगितलं नाही. धाकटीने ते ऐकलं मात्र, कारण ती पुन्हा हसली.

दुपार कलल्यावर माझ्यासाठी कौसामावशींच्या घरून तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि पिठलं आलं. सुकट अशी खमंग भाजलेली, की मी तिसरी भाकरी मागितली, आणि मागताना आपण इथे कशासाठी बसलो आहोत ते आठवून अर्धीच घेतली. शेवंतामावशींनी आपल्या घरून खेकड्याचा रस्सा आणला. वाटी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "तिला सांगा, जास्त झालाय." मी वाटी थोरलीकडे सरकवली. थोरलीने भाकरी बुडवली. "तिला सांगा, मीठ कमी हाय." वाटी परत आली तेव्हा तिच्यात मला बोटाला लागण्यापुरताच रस्सा होता.

मार्गावरून अधूनमधून लोक जात होते. सकाळचे ते नाडीवाले आजोबा आता सायकलवरून आले. मला सूप घेऊन बसलेलं पाहून थांबले.

"तुम्ही इथले?"

"दुपारपासून," मी म्हणालो.

संध्याकाळी कौसामावशींचा मुलगा सिद्धार्थ ड्युटीवरून आला. रेल्वेत सिग्नलकडे असतो. "जय भीम, काका," म्हणाला, मीही "जय भीम" म्हणालो, आणि त्याने ढिगाकडे, आईकडे, काकूकडे आणि माझ्या चड्डीकडे क्रमाने पाहिलं. सगळं ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाला, "घाटावरचा ढग रोज दुपारी येतो काका. त्याला आम्ही मनावर घेत नाही." मग हातपाय धुऊन तोही सूप घेऊन बसला.

बायकोला फोन करून सांगितलं, आज मुक्काम इथेच, उद्याही बहुतेक. भात निवडतोय.

"बसून?"

"बसून."

पलीकडे तवा खाली उतरवल्याचा आवाज आला. मग, "फोटो पाठवा. तुमचा शब्द नको."

रात्री सिद्धार्थच्या घरी, बुद्धाच्या तसबिरीखाली चटईवर आडवा झालो. डोळे मिटले की पिवळे-काळे दाणे वळवळायचे. अंग दुखत होतं ते सायकलने नव्हे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पण आदल्या दिवसापेक्षा मी कमी वेळा उठलो. कारण सोपं होतं. उठलो की कौसामावशींची नजर त्या काळ्या राशीकडे जायची, ती किती वाढली ते बघायला, आणि ती फार हळू वाढत होती. एकदा त्या रास ओंजळीने चाचपून स्वतःशीच म्हणाल्या, "खालचा तुकडा तरी व्हाया पायजे." खालचा तुकडा म्हणजे नदीलगतचं त्यांचं वीतभर खाचर. वरची जमीन बंगल्यांच्या कुंपणात गेलेली. त्या तुकड्यापुरतं बियाणं जमलं तर काळभात राहिलं. नाही जमलं, तर जे पोत्यात होतं ते शिजवून खायचं, आणि पुढे पेज मागायला येणाऱ्यांना परत पाठवायचं. हे कळल्यावर मी घड्याळ काढून सायकलच्या पिशवीत टाकलं. ते तिथे एकटंच थरथरत राहिलं.

ऊन डोळ्यांवर यायचं म्हणून मी गॉगल लावायचो. गॉगल लावला की सगळेच दाणे काळे दिसायचे. काढला की ऊन डोळ्यांत, आणि चाळीशीविना दाण्यांच्या नुसत्या मुंग्या व्हायच्या. पण तपासनिसाचा हात आहे म्हटलं, बोटांना आपोआप कळतं. दुपारनंतर तर माझा वेग असा लागला की तिघांत माझंच सूप आधी भरायला लागलं. शेवंतामावशी माझ्या सुपाकडे टक लावून पाहायच्या. मी म्हटलं, जमलं की नाही? त्या म्हणाल्या, "लय जमलं."

उन्हं कलताना कौसामावशींनी सगळी सुपं एकेक करून बघितली. माझं सूप हातात घेतलं, तिरकं केलं, उजेडाकडे धरलं. ते जांभळाच्या बुंध्याशी वेगळं ठेवून दिलं. मग बाकीची रास पोत्यावर पसरून तिच्यात हात फिरवला.

"पुरंल," त्या म्हणाल्या.

शेवंतामावशी उठल्या, पदर झटकला आणि उरलेलं मिसळभात आपल्या पोत्यात भरायला लागल्या. "तिला सांगा," त्या मला म्हणाल्या, "ह्यातलं काळं शिजल्यावर वास आला तर मागायचा न्हाई."

"सांगितलं," मी म्हणालो. थोरलीने पोत्याचं दुसरं टोक धरलं होतं.

आंबी

तिसऱ्या दिवशी खाली उतरलो. नदीच्या सोबतीने जायचं ठरलं होतं, पण नदीला माझी सोबत फारशी नको होती. कुठे कुंपण, कुठे वीटभट्टी, कुठे नुसता चिखल. ती दिसली की मी सायकल खांद्यावर घ्यायचो, दिसेनाशी झाली की रस्त्याला लागायचो. कामशेतच्या पुढे चेन उतरली आणि हात कोपरापर्यंत काळे झाले. तसाच आंबीच्या पुलावर पोचलो.

पुलाच्या त्या दुसऱ्या बाजूच्या कठड्याला सायकल टेकवली. नदी येताना दिसत होती. औंढ्यातली खळखळ इथे उरली नव्हती. संथ, मळकट, जलपर्णी अंगावर घेतलेली. पण तीच. मी तिच्याकडे पाहत उभा असतानाच मागून आमच्या कंपनीची बस गेली. खिडकीतला एक पोरगेलासा माणूस तोंड उघडं टाकून झोपला होता. मला उगाच हाक मारावीशी वाटली. बस गेली. मग मी कठड्यापाशीच खाली बसलो, आणि बराच वेळ उठलो नाही. बायकोला सांगितलं तर पटणार नाही म्हणून फोटोही काढला नाही.

घरी आल्यावर त्या खुर्चीवरचे कपडे काढले. तिसऱ्या दिवशी परत ठेवले. पण वर्षभर जो भेटेल त्याला सांगत सुटलो, की औंढ्याचं काळभात माझ्या या दहा बोटांनी वाचलं. चूक झाली, मान्य, पण निस्तरली की नाही? किराणा दुकानदार, न्हावी, ग्रुपवरची मंडळी, सगळ्यांना सांगून झालं. बायकोला दोनदा.

पुन्हा औंढे

पुढच्या वर्षी, भात निसवल्याचा सिद्धार्थचा फोन आला तेव्हा राहवलं नाही. या खेपेला पँट घातली, चाळीशी गळ्यात अडकवली आणि लोणावळ्यापासून चालत गेलो. रखवालदाराने ओळखलं. "आता कुठल्या साइडचे?" "चालायच्या," मी म्हणालो.

नदीलगतच्या त्या तुकड्यात काळभात उभं होतं. लोंब्या बाहेर पडून काळवंडायला लागलेल्या, वाऱ्याबरोबर सगळ्या एकदम वाकत होत्या. मी चाळीशी चढवली आणि बांधावरून हळूहळू सबंध खाचराला फेरी मारली. पिवळी लोंबी एक नाही. शोधून शोधून एक नाही.

कौसामावशी, सिद्धार्थ आणि शेवंतामावशी बांधावर उभे होते. दोन जावांच्या मधे सिद्धार्थ.

"बघा मावशी!" मी तिथूनच ओरडलो. छाती इतकी भरून आली होती की पाय चिखलात गेला तेही कळलं नाही. "एक दाणा चुकला नाही! काय म्हणालो होतो मी? तपासनिसाचा हात आहे म्हणून!"

कौसामावशींनी माझ्याकडे पाहिलं. मग सिद्धार्थच्या पुढून वाकून पलीकडे पाहिलं.

"सांग गं शेवंता," त्या म्हणाल्या, "ह्यांचं सूप कुटं गेलं ते."

शेवंतामावशींनी पदर तोंडाला लावला, आणि मग काढला.

"कोंबड्यांला घातलं," त्या म्हणाल्या. "त्यांनीबी निम्मं टाकलं."